लाल लाळेरं

परदेशात राहून आलेल्या बाईला हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या मांडवात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "तिथं आपली भाजी-डाळ मिळते का गं?" हा पहिला, आणि "काय काय पाहिलंत?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी तोंडपाठ केलं आहे. दुसऱ्याचं मात्र आजवर अर्धंच देत आले. मैत्रिणींनो, उरलेलं अर्धं आज तुम्हांला सांगायचं आहे.

२०१४ च्या जूनमध्ये आम्ही टोकियोला गेलो. ह्यांच्या कंपनीचं काम तिथं होतं आणि लेक तेव्हा दीड वर्षाची होती. आमचं घर निशी-कासाईला, एदोगावा विभागात. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली बरीच भारतीय कुटुंबं या भागात स्थिरावली. त्यामुळे तूरडाळ, कणीक, हिंग यांची ददात नव्हती. घर मात्र बघाल तर दोन खोल्यांचं. त्यातल्या एका खोलीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया जमिनीला घट्ट बसवलेल्या. रात्री त्यावर गाद्या घालायच्या, सकाळी उचलून कपाटात ठेवायच्या आणि ऊन असेल त्या दिवशी गॅलरीच्या कठड्यावर चिमटे लावून वाळत घालायच्या. माझ्या आजीच्या घरची वळकटी आठवावी, अगदी तस्सं!

पहिले सहा महिने माझे कचरा शिकण्यातच गेले. हसू नका. जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या दिवशी, बाटल्या-डबे आणखी वेगळ्या दिवशी. चुकलात तर पिशवी तिथंच राहते आणि सगळ्या गल्लीला कळतं की चुकलं कोण! मला हे सगळं शिकवलं शेजारच्या आजीबाईंनी. पंचाहत्तरीच्या असतील. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं. पिशवी उघडून त्या एकेक वस्तू काढून दाखवत आणि मान हलवत. लेक त्यांना "ओबाचान" म्हणायला शिकली. ओबाचान म्हणजे आजी.

हे सकाळी आठला बाहेर पडत ते रात्री दहा-अकराला परत. दिवसभर मी आणि लेक. सायकलला पुढं-मागं मुलांच्या बैठका लावून तिथल्या आया बाजारहाट करतात. मीही धीर करून तशी सायकल घेतली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गल्लीतल्या कर्ण्यावर एक धून वाजे. मुलांनो, आता खेळ पुरे, घरी चला, असा तिचा अर्थ. आपल्याकडची दिवेलागणीची वेळच ती. रोज ती धून ऐकली की माझ्या पोटात कालवायचं. सगळ्यांची मुलं घरी चालली, आपलं घर मात्र लांब राहिलं, असं वाटायचं.

असो. तर सांगायची गोष्ट २०१६ च्या नोव्हेंबरातली. लेक पावणेचार वर्षांची झाली होती आणि मला पुन्हा दिवस राहिले होते. दवाखान्यात ठोके दिसले, तेव्हा डॉक्टरांनी विभागाच्या कचेरीत जाऊन नोंद करायला सांगितलं. तिथं मला एक छोटं पुस्तक मिळालं. त्याला 'बोशी तेचो' म्हणतात, म्हणजे आई आणि बाळ यांची वही. १९४८ पासून ती जपानात दिली जाते. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण, बाळाचं वजन, लशी, मूल शाळेत जाण्याच्या वयाचं होईपर्यंत सगळं त्या एकाच वहीत लिहायचं. आपल्याकडे लशीचं कार्ड एका डब्यात, सोनोग्राफीचे कागद दुसऱ्या पिशवीत आणि ऐन वेळी काहीच सापडत नाही! मला ती वही फार आवडली. वहीबरोबर तपासण्यांची कुपनं मिळाली आणि पर्सला अडकवायचं एक गोल पदक मिळालं. आई आणि बाळाचं चित्र आणि "माझ्या पोटात बाळ आहे" अशी अक्षरं. पोट दिसत नसलं तरी आगगाडीत लोकांनी जागा द्यावी, यासाठी २००६ पासून ही खूण तिथं चालते.

घरी मात्र आम्ही कुणालाच कळवलं नाही. तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नसतं ना! माझ्या आईला नाही, सासूबाईंना नाही. टोकियोच्या सगळ्या आगगाडीला माझी बातमी माहीत आणि घरच्यांना नाही, अशी गंमत. आजीबाईंनी मात्र पर्सकडे बघितलं, दोन्ही हात छातीशी धरले आणि वाकून "ओमेदेतो" म्हणाल्या. अभिनंदन!

नाराला जायचं आधीच ठरलं होतं. गाडीची तिकिटं काढलेली होती, ह्यांना कधी नव्हे ती चार दिवस सुट्टी मिळाली होती. २४ नोव्हेंबरला टोकियोत बर्फ पडला. नोव्हेंबरात तिथं ५४ वर्षांनी बर्फ पडला होता. "जायचं का गं?" हे म्हणाले. डॉक्टरांची हरकत नव्हती. मला तर कधी एकदा घराबाहेर पडते असं झालं होतं. मीच म्हटलं, जाऊ या. "मीच म्हटलं", हे दोन शब्द लक्षात ठेवा.

शिंकान्सेन ही त्यांची वेगवान आगगाडी १९६४ पासून टोकियो-ओसाका धावते. क्योतोला सव्वादोन-अडीच तासांत पोचवते. लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्या गाडीच्या अकराव्या डब्यात एक छोटी खोली असते, बाळाला पाजायचं असेल किंवा कुणाला बरं वाटत नसेल तर गार्डला सांगून ती उघडून घेता येते. मला मळमळत होतं, मी तिथं अर्धा तास आडवी झाले. बरोबर मेतकूट-भात होता. बाहेरच्या खाण्यात सुकवलेल्या माशांचं पाणी जवळजवळ सगळीकडे असतं, म्हणून आम्ही शाकाहारी मंडळी घरचा डबा सोडत नाही.

क्योतोला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नाराला गेलो. तिथली हरणं भर रस्त्यात फिरतात. त्यांच्यासाठी भाताच्या कोंड्याचे पातळ पापड विकत मिळतात. पापड दाखवला की हरीण चक्क मान वाकवून नमस्कार करतं आणि उशीर झाला तर पदर, पर्स, जे सापडेल ते ओढतं. लेक हसून हसून खाली बसली.

तोदाईजी देवळातला बुद्ध ब्राँझचा, साधारण पंधरा मीटर उंच. इ. स. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला आणि बुबुळं रंगवण्याचा मान मिळाला तो भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला. ७३६ मध्ये तो जपानात पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या मंडळींनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सगळ्यांचा हात! तो दोर तिथं अजून जपून ठेवला आहे. हे वाचून मला उगीचच भरून आलं. आपल्याकडचं कुणीतरी इतक्या लांब येऊन राहिलं होतं तर.

त्याच देवळात एका लाकडी खांबाला बुडाशी आरपार भोक आहे. बुद्धाच्या नाकपुडीएवढं ते आहे म्हणतात. त्यातून सरपटत पलीकडे गेलं की कल्याण होतं, अशी समजूत. मुलांची ही रांग! आमची लेक शिरली आणि मध्येच घाबरून थांबली. "आई!" म्हणून आतून हाक आली. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हात आत घातले आणि तिला ओढून बाहेर काढलं. मग रडत होती म्हणून कडेवर घेऊन स्टेशनपर्यंतचा निम्मा रस्ता चालले. ह्यांनी दोनदा मागितली, ती जाईना.

दोन आठवड्यांनी, दहाव्या आठवड्यात, ते बाळ राहिलं नाही.

डॉक्टर चांगले होते. कागदावर आकृती काढून त्यांनी सावकाश इंग्रजीत समजावलं. दिवस राहिल्याचं कळल्यानंतर शंभरातल्या दहा ते पंधरा जणींचं असं होतं. बहुतेक वेळा सुरुवातीलाच गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. प्रवासानं, जिना चढल्यानं, मूल उचलल्यानं असं होत नाही. मी मान डोलावली. समजलं सगळं. पण मैत्रिणींनो, समजणं आणि पटणं यांत किती अंतर असतं! रात्री डोळे मिटले की मला तो खांब दिसायचा. मी वाकलेली, ओढणारी. "मीच म्हटलं, जाऊ या."

हे दोन दिवस घरी राहिले. "होतं असं, तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेले. मला राग आला. पुढं कितीतरी दिवसांनी पासपोर्ट शोधताना खणात ती वही सापडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली. मी ठेवली नव्हती. मग राग गेला.

पण सांगायचं कुणाला? आनंदाची बातमी कळवली नव्हती, मग दुःखाची कुठल्या तोंडानं कळवणार? तीन महिने बोलायचं नाही, ही रीत कुणाची नजर लागू नये म्हणून असेल. पण त्या तीन महिन्यांत काही बिनसलं तर त्या बाईनं रडायचं कुणाजवळ, याची सोय त्या रीतीत नाही. दर रविवारी फोनवर सासूबाई विचारत, "आता दुसऱ्याचं बघा की. हिला भावंड नको का?" आणि मी म्हणे, "बघू, आई."

पदक मी पर्सवरून काढलं होतं. चार दिवसांनी कचरा टाकायला खाली गेले तेव्हा आजीबाई समोर आल्या. त्यांची नजर पर्सकडे गेली आणि क्षणभर तिथंच थांबली. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला संत्र्यांची पिशवी अडकवलेली होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकली लावतात तिथं, एक हातभर उंचीची दगडी मूर्ती होती. तुळतुळीत डोकं, मिटलेले डोळे, गळ्यात लाल कापड. आजीबाई तिच्यासमोर पाण्याची वाटी ठेवत, पाऊसपाण्यानं कापड विटलं की नवं शिवून बांधत. लेकीनं एकदा विचारलं, "आई, देवाला लाळ गळते? त्याला लाळेरं कशाला?" मलाही ठाऊक नव्हतं. मोडक्यातोडक्या जपानीत मी आजीबाईंना विचारलं.

तो ओजिझो-सान. मुलांचा राखणदार. जी मुलं आईबापांच्या आधी जातात, ती नदीकाठी दगडांची उतरंड रचत बसतात, राक्षस येऊन ती मोडतात आणि मग हा येऊन मुलांना आपल्या अंगरख्याच्या बाहीत लपवतो. जन्माला न आलेलीसुद्धा. म्हणून बायका त्याला लाळेरं, टोपडं शिवतात. मला निम्मंच समजलं असेल. घरी आल्यावर ह्यांनी शोधून सांगितलं की हा मूळचा आपल्याकडचा बोधिसत्त्व, संस्कृतात त्याला क्षितिगर्भ म्हणतात. नावातच गर्भ! त्या रात्री मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

मार्चअखेर सासूबाई आल्या. साकुरा बघायला म्हणून आल्या, पण येताना माझ्या आईकडून एक तांबडा खण घेऊन आल्या होत्या. "तुझ्या आईनं दिलाय, ओटीसाठी ठेव म्हणाली," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी तो कपाटात मागं सारला.

सासूबाई म्हणजे जुन्या वळणाच्या. गुरुवारचा उपास, सोवळं नाही पण स्वयंपाकघराची शिस्त. गाडीत गर्दी बघून म्हणाल्या, "एवढी माणसं आणि आवाज कसा नाही गं? मयताला आल्यासारखी!" लेकीनं तातामीवर बूट घातले तर रागावल्या आणि आजीबाईंशी त्यांची दुसऱ्याच दिवशी गट्टी जमली. एक मराठीत बोले, एक जपानीत. विषय बहुधा गुडघे.

एप्रिलमध्ये त्यांना कामाकुरा दाखवायला नेलं. तिथला बुद्ध तेराव्या शतकातला आहे. भोवतालचं देऊळ पंधराव्या शतकापासून नाही, तेव्हापासून तो उन्हापावसात बसलेला आहे. "विठोबासारखा नाही, हा निवांत बसलाय," सासूबाई म्हणाल्या. तिथून जवळच हासेदेरा देवळात गेलो. टेकडीवरच्या पायऱ्या चढता चढता एका बाजूला हातभर, वीतभर जिझोंच्या रांगाच रांगा लागल्या. शेकडो, हजारो. सगळे एकसारखे, सगळे डोळे मिटलेले.

"हे काय गं?" सासूबाई थांबल्या.

मी सांगितलं. जन्माला न आलेल्या मुलांसाठी, असं म्हणताना आवाज फुटला. लपवता आलं नाही. हे लेकीला घेऊन पुढं गेले होते. वर, समुद्र दिसतो त्या सज्जात एका बाकावर आम्ही बसलो आणि मी त्यांना सगळं सांगितलं. वही, पदक, नारा, खांब. "आई, मीच म्हटलं होतं जाऊ या म्हणून," हेही सांगितलं. मनाची तयारी केली होती. म्हणतील, अशा दिवसांत कशाला गेलीस, घोड्यासारख्या लेकीला कशाला उचललंस.

त्या समुद्राकडे बघत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्याच्या आधी मला एक झालं होतं. ७६ साली. आठव्या महिन्यात."

मी वळून बघितलं. लग्नाला माझ्या नऊ वर्षं झाली होती. ह्यांनाही हे माहीत नव्हतं.

"मुलगा होता?" मी विचारलं.

"कुणी सांगितलंच नाही. मी विचारलं नाही. फडक्यात गुंडाळून घेऊन गेले." मग माझ्याकडे वळल्या. "वाड्यातल्या बायका म्हणाल्या, आडावर पाणी शेंदलं असेल. अगं, मला सातव्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. मी कुठल्या आगगाडीत बसले होते? मी कुणाला उचललं होतं?"

डॉक्टरांनी काढलेली आकृती मला समजली होती. पटलं ते सासूबाईंच्या या दोन प्रश्नांनी.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून तो खण काढला. "आईला सांग, ओटीला नाही, पण कामी लागला," म्हणाल्या. दुपारी तातामीवर पाय लांब करून बसल्या आणि हातशिलाईनं लाळेरं शिवलं. खणाचा काठ गळ्याशी घेतला, खांद्यावरून दोन बंद सोडले. एवढ्याशा कापडाला पाऊण तास लागला. मध्येच लेक येऊन म्हणाली, "आजी, माझ्या बाहुलीला?" तर उरलेल्या कापडाचं तिलाही एक.

संध्याकाळची ती धून वाजली आणि आम्ही खाली गेलो. आजीबाईंना खुणेनं विचारलं. त्यांनी खण बोटांनी चाचपून बघितला, विणीवरून अंगठा फिरवला, मग मूर्तीच्या गळ्यातलं जुनं लाळेरं सोडलं, घडी करून आपल्या एप्रनच्या खिशात ठेवलं आणि बाजूला झाल्या. बंद सासूबाईंनी बांधले. एक गाठ मारली, थांबल्या आणि त्यावर दुसरी मारली. आजीबाईंनी हात जोडले, सासूबाईंनी हात जोडले. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती.

२०१९ मध्ये आम्ही परत आलो. आमची एकच लेक, आता शाळेत वरच्या वर्गात आहे. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली. ह्यांना त्यांनी कामाकुराहून परतल्यावर स्वतःच सांगितलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी मुद्दाम अंघोळीला गेले होते. पण तेव्हापासून हे रोज फोन करतात.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येकींच्या कपाटात अशी एखादी वही, एखादा न वापरलेला खण असेल. शंभरात दहा-पंधरा म्हणजे आपल्या भिशीच्या, भजनी मंडळाच्या बैठकीत एक-दोघी असणारच. सगळ्या गावाला सांगू नका. पण एकीला तरी सांगा. आणि एखादी तुम्हांला सांगायला आली, तर "तू असं का केलंस" हा प्रश्न तोंडातून बाहेर काढू नका. जिचं त्यात काही चुकलेलं नसतं, ती तो प्रश्न स्वतःला आधीच हजारदा विचारून बसलेली असते. तिच्याजवळ बसा. दुसऱ्या दिवशी दाराला संत्र्यांची पिशवी अडकवता आली तर उत्तम.

ते लाळेरं एव्हाना ऊनपावसानं विरलं असेल. आजीबाईंनी ते सोडून, घडी करून खिशात ठेवलं असेल आणि दुसरं बांधलं असेल.